रास्पबेरी पायची इमेज बांधताना बदललेल्या कॉन्फिग फाइली जागेवर कशा आणायच्या

रास्पबेरी पाय हा कार्डवरून चालणारा छोटा संगणक. त्या कार्डावर उतरवायची सगळी सिस्टम एका फाइलीत असते, ती इमेज; ती आधी लॅपटॉपवर उघडून हवी ती पॅकेजं टाकणं म्हणजे इमेज बांधणं, बिल्ड. अशा बांधलेल्या इमेजचं, उबंटूचं कार्ड पायमध्ये घातलं, घरच्या वायफायवर सगळं ठीक चाललं. तेच कार्ड दुसरीकडे नेलं की ८.८.८.८ ला पिंग लागतो, पण नावाने कुठेच लागत नाही, आणि एपीटी (पॅकेजं आणणारी आज्ञा) अपडेटच्या पहिल्याच ओळीला अडकतं. नावाचा पत्ता कोणाला विचारायचा हे सांगणारी /ईटीसी/रिझॉल्व्ह.कॉन्फ उघडली तर आत एकच ओळ: ‘नेमसर्व्हर १९२.१६८.१.१’. ज्या लॅपटॉपवर इमेज बांधली, त्याच्या घरच्या राउटरचा हा पत्ता. बिल्डपुरता लिहिला होता, काढायचा राहून गेला.

हीच चूक रास्पबेरी पाय ओएसच्या इमेजमध्ये केली तर बहुधा कळतही नाही. तिथे जोडणी झाली की नेटवर्क मॅनेजर ती फाइल नव्याने लिहून टाकतो आणि चूक झाकली जाते. उबंटूमध्ये मात्र ती मुळात फाइल नसून सिमलिंक (दुसऱ्या फाइलीकडे बोट दाखवणारी लिंक) असते. तिच्या जागी साधी फाइल बसली, की नावांचे पत्ते शोधून देणारा सिस्टमडी-रिझॉल्व्हडी ती कुणीतरी हाताने लिहिलेली समजून तशीच राहू देतो.

फाइल परत ठेवायला एक आज्ञा पुरते. मुळात तिथे काय होतं, हे बिल्ड अर्ध्यात मेल्यावरसुद्धा ठामपणे सांगता येणं, हे खरं काम. पुढची सगळी खटपट त्यासाठी आहे. आज्ञा आणि फाइलींची नावं इथे उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. टर्मिनलवर ती नेहमीसारखी इंग्रजी अक्षरांतच टाइप करायची.

आधी मांडणी

साध्या इंटेल किंवा एएमडी लॅपटॉपवर डेबियन किंवा उबंटू असलं की पुरे. पायच्या आर्म प्रोसेसरचे प्रोग्रॅम लॅपटॉपवर चालावेत म्हणून क्यूईएमयू-युझर-स्टॅटिक आणि बिनएफएमटी-सपोर्ट ही पॅकेजं टाका. डाउनलोड झालेली इमेज एक्सझेडमध्ये दाबलेली असते. ती ‘अनएक्सझेड -के’ने उघडा, म्हणजे दाबलेली मूळ प्रत शिल्लक राहते. ही प्रत टाकून देऊ नका, पुढे सगळं फसलं तर तिचाच आधार. इमेजमध्ये जागा कमी असते, म्हणून ‘ट्रंकेट’ने फाइल दोन जीबीने वाढवा, ‘पार्टेड’ने दुसरं पार्टिशन ताणा आणि पुढच्या आज्ञेने लूप डिव्हाइस (इमेजची फाइल डिस्कसारखी दाखवणारं) जोडलं की ‘रिसाइझ२एफएस’ चालवा.

‘लोसेटअप’ला मोठा पी, छोटा एफ आणि ‘--शो’ दिलं की लूप डिव्हाइसचं नाव छापून येतं. दुसरं पार्टिशन /एमएनटी/पाय वर माउंट करा (म्हणजे त्या फोल्डरात उघडा), पहिलं त्याच्या आतल्या /बूट/फर्मवेअर वर. (रास्पबेरी पाय ओएसमध्ये ही जागा २०२३ च्या बुकवर्मपासूनची, त्याआधीच्या इमेजमध्ये नुसतं /बूट.) मग होस्टची, म्हणजे तुमच्या लॅपटॉपची, डेव्ह, डेव्ह/पीटीएस, प्रॉक आणि सिस ही फोल्डरं इमेजच्या आतही दिसावीत म्हणून बाइंड माउंट करा. इमेजच्या /रन वर मात्र होस्टचं /रन बांधू नका, तिथे कोरं टीएमपीएफएस (फक्त मेमरीत राहणारं फोल्डर) लावा. त्याचा मोठा उपयोग पुढे आहे.

आर्मचे प्रोग्रॅम चालतील की नाही, हे /प्रॉक/सिस/एफएस/बिनएफएमटी_मिस्क मधली क्यूईएमयूची नोंद वाचून कळतं. फ्लॅग्जच्या ओळीत मोठा एफ असेल तर इमेजमध्ये काही कॉपी करावं लागत नाही. एफ नसेल तर क्यूईएमयूचा स्टॅटिक बायनरी इमेजच्या /यूएसआर/बिन मध्ये ठेवावा लागतो. मग तोही पाहुणाच. शेवटी काढायच्या यादीत त्याचं नाव लिहा.

कोणत्या फाइलींना हात लागतो

पहिली रिझॉल्व्ह.कॉन्फ. सीएचरूटच्या आत, म्हणजे माउंट केलेल्या इमेजलाच मूळ फोल्डर मानून, एपीटी चालवायचं तर डीएनएस (नावाचा पत्ता देणारी सेवा) हवा. बहुतेक जण होस्टची फाइल इमेजमधल्या फाइलीवर कॉपी करतात, आणि इथेच सिमलिंक पायात येते. लिंक ‘../रन/सिस्टमडी/रिझॉल्व्ह/स्टब-रिझॉल्व्ह.कॉन्फ’ अशी सापेक्ष असेल तर तिचं टोक इमेजच्या रिकाम्या /रन मध्ये जातं, आणि ‘सीपी’ लटकत्या सिमलिंकमधून लिहिणार नाही म्हणून नकार देतो. हा नकार बरा. लिंक जर ‘/रन’पासून सुरू होणारी पूर्ण वाटेची असेल, तर बाहेरून पाहताना ती तुमच्या लॅपटॉपच्या /रन कडे जाते. मग ‘टी’ आज्ञेने किंवा ‘>’ या बाणाने इमेजमध्ये लिहिलेली ओळ प्रत्यक्षात होस्टच्या फाइलीत पडते. इमेज तशीच राहते, लॅपटॉपचं इंटरनेट जातं, आणि माणूस वायफायला दोष देत बसतो.

दुसरी /ईटीसी/एलडी.एसओ.प्रीलोड. ३२-बिट रास्पबेरी पाय ओएसमध्ये या फाइलीत लिबआर्ममेम नावाच्या लायब्ररीची एक ओळ असते. मेमरी कॉपी करणं, भरणं अशी कामं पायच्या प्रोसेसरवर वेगाने व्हावीत म्हणून ती प्रत्येक प्रोग्रॅमच्या आधी लोड होते. क्यूईएमयूखाली ती नीट लागत नाही: कधी प्रत्येक आज्ञेमागे ‘कॅनॉट बी प्रीलोडेड’ची ओळ येते, तर जुन्या इमेजमध्ये थेट ‘इल्लीगल इन्स्ट्रक्शन’ म्हणून प्रोग्रॅम मरतो. म्हणून बिल्डपुरती ती ओळ बंद करतात. पुन्हा सुरू करायला विसरलात तर काहीही मोडत नाही. पाय थोडा मंद चालतो, एवढंच. अशी चूक वर्षानुवर्षं सापडत नाही.

तिसरी /यूएसआर/एसबिन/पॉलिसी-आरसी.डी. ही मुळात इमेजमध्ये नसते, पॅकेज टाकताना सर्व्हिस सुरू होऊ नये म्हणून आपण ती तयार करतो. दोन ओळींची स्क्रिप्ट: शेबँग (कोणत्या शेलने चालवायचं ते सांगणारी पहिली ओळ) आणि ‘एक्झिट १०१’. परवानगी ७५५ हवी, कारण चालवता न येणारी फाइल इन्व्होक-आरसी.डी (सर्व्हिस सुरू करणारी आज्ञा) विचारातच घेत नाही. ही स्क्रिप्ट नसली तर काय होतं? सीएचरूटमध्ये सिस्टमडी चालू नसतो, त्यामुळे पॅकेज टाकताना जुन्या पद्धतीची इनिट स्क्रिप्ट चालते आणि सर्व्हिस तिथल्या तिथे उठते. सीएचरूटला वेगळं नेटवर्क नसतं, म्हणून इमेजमध्ये टाकलेला एनजिनएक्स हा वेबसर्व्हर तुमच्या लॅपटॉपचा ८० नंबरचा पोर्ट धरून बसतो आणि अनमाउंटही होऊ देत नाही. उलट, ही स्क्रिप्ट इमेजमध्ये राहून गेली तर पायवर पुढे टाकलेली कोणतीही सर्व्हिस आपोआप सुरू होत नाही, ‘पॉलिसी-आरसी.डी डिनाइड एक्झिक्यूशन ऑफ स्टार्ट’ अशी ओळ तेवढी दिसते. त्याहून वाईट म्हणजे अपडेटनंतरचं रीस्टार्टही टळतं: सुरक्षेचा पॅच बसलेला दिसतो, पण मेमरीत जुनाच प्रोग्रॅम चालू असतो.

चौथी, एपीटीची प्रॉक्सी. आणलेली पॅकेजं एका मशीनवर साठवून ठेवणारी एपीटी-कॅशर-एनजी ही प्रॉक्सी वापरत असाल तर त्याचा नेहमीचा पोर्ट ३१४२. ती ओळ इमेजमध्ये राहिली तर पाय दुसऱ्या नेटवर्कवर नसलेलं मशीन शोधत बसतो.

मशीन-आयडीचं, म्हणजे प्रत्येक मशीनची वेगळी ओळख ठेवणाऱ्या फाइलीचं, प्रकरण जरा वेगळं आहे. ती आपण बदलत नाही, पण बिल्डमध्ये एखादं पॅकेज ती भरून टाकू शकतं. मग त्या इमेजच्या सगळ्या कार्डांना एकच ओळख मिळते, आणि सिस्टमडी-नेटवर्कडी वापरणारी दोन मशीनं एका राउटरकडे एकाच ओळखीने पत्ता मागू लागतात. ही फाइल परत ठेवायची नसते, ‘ट्रंकेट -एस ०’ने रिकामी करायची असते. एसएसएच सर्व्हर बिल्डमध्येच टाकलात तर त्याच्या होस्ट की (सर्व्हरची ओळख पटवणाऱ्या किल्ल्या) देखील काढून टाका, आणि पहिल्या बूटला नव्या तयार होतात ना, हे पाहून घ्या.

बदल टाळता येतो का, ते आधी पाहा

ज्या फाइलीला हात लावला नाही ती परत ठेवावी लागत नाही. निम्म्या फाइली इथेच यादीतून गळतात.

प्रॉक्सीसाठी फाइल लिहायचं कारणच नाही. एपीटी-गेटला ‘-ओ’ देऊन ‘अक्वायर::एचटीटीपी::प्रॉक्सी’ त्या एका आज्ञेपुरतं सांगता येतं.

रिझॉल्व्ह.कॉन्फ सिमलिंक असेल तर ते कोरं टीएमपीएफएस कामाला येतं. /एमएनटी/पाय/रन च्या आत सिस्टमडी/रिझॉल्व्ह हे फोल्डर बनवा आणि होस्टची रिझॉल्व्ह.कॉन्फ तिथे स्टब-रिझॉल्व्ह.कॉन्फ या नावाने कॉपी करा. सीएचरूटच्या आतून लिंक आता खऱ्या फाइलीवर पोचते. इमेजच्या डिस्कवर एक बाइटही लिहिला जात नाही, आणि अनमाउंट केलं की सगळं हवेत विरतं. होस्टच्या फाइलीत १२७.०.०.५३ असलं तरी बिघडत नाही; नेटवर्क एकच असल्यामुळे होस्टचा रिझॉल्व्हर आतून दिसतो.

ती साधी फाइल असेल तर तिच्यावर होस्टची फाइल बाइंड माउंट करता येते. एलडी.एसओ.प्रीलोडवरही अशीच एक रिकामी फाइल बाइंड करा. पण दोन गोष्टी सांभाळा. बाइंड करण्याआधी ‘रीडलिंक’ने ती सिमलिंक नाही याची खात्री करा, नाहीतर माउंटसुद्धा लिंकमागे जाऊन होस्टच्या फाइलीवर बसतो. दुसरं, त्याच बिल्डमध्ये फुल-अपग्रेड करणार असाल आणि एखाद्या पॅकेजला ती फाइल बदलायची असेल, तर नवी फाइल जुनीच्या जागी सरकवता येत नाही. ‘डिव्हाइस ऑर रिसोर्स बिझी’ म्हणून पॅकेज अर्धवट बसतं. अशा वेळी बाइंड सोडा आणि नीट बॅकअपच्या वाटेने जा.

सीएचरूटऐवजी सिस्टमडी-एनस्पॉन वापरणाऱ्यांना ‘--रिझॉल्व्ह-कॉन्फ=बाइंड-होस्ट’ हा तयार पर्याय आहे. तो न देता सगळं त्याच्या मर्जीवर सोडलं तर तो इमेजमध्ये कॉपीही करू शकतो, म्हणून सांगून टाकलेलं बरं.

बॅकअप: कुठे, कसा, आणि कधी नाही

बॅकअप इमेजच्या बाहेर, होस्टवर ठेवा. शेजारी ‘.बॅक’ जोडून ठेवायची सवय महागात पडते. एपीटीच्या सोर्सेस-लिस्ट-डी मध्ये अशी फाइल नुसती कुरकुर करते, पण डेबियनचा एनजिनएक्स साइट्स-एनेबल्डमधलं सगळं वाचतो, बॅकअपसकट.

होस्टवरही /टीएमपी नको. वीज गेली, लॅपटॉप पुन्हा सुरू झाला की /टीएमपी साफ, आणि बॅकअप लागतो नेमका तेव्हाच. /व्हार/लिब मध्ये प्रत्येक इमेजसाठी एक फोल्डर करा.

मूळ जागी तीन शक्यता असतात: साधी फाइल, सिमलिंक, किंवा काहीच नाही. बिल्ड करणाऱ्या स्क्रिप्टला तिन्ही नोंदवाव्या लागतात. तपासण्याचा क्रमही महत्त्वाचा. बॅशमध्ये आधी मोठा ‘-एल’ लावून सिमलिंक आहे का ते बघा, त्यानंतरच ‘-ई’ने तिथे काही आहे का ते. उलट केलंत तर लटकत्या सिमलिंकला ‘-ई’ म्हणतं, इथे काही नाही. स्क्रिप्ट ‘फाइल नव्हती’ अशी नोंद करते, शेवटी त्या नोंदीप्रमाणे जागा मोकळी करते, आणि उबंटूची लिंक कायमची गेली. इमेज माउंट असताना ही लिंक बहुधा लटकतीच असते, तेव्हा हा अपवाद समजू नका.

कॉपी ‘सीपी -ए’ने करा. नुसता ‘सीपी’ लिंकमागे जातो. ‘-ए’ लिंकला लिंक म्हणून उचलतो आणि मालक, परवानगी, वेळ जपतो. आधी वेगळ्या नावाने कॉपी करा, पूर्ण झाली की ‘एमव्ही’ने खरं नाव द्या, म्हणजे अर्धी लिहिलेली प्रत कधी बॅकअप म्हणून मिरवणार नाही. फाइल मुळात नसेल तर त्या नावाची ‘.नव्हती’ अशी खूणफाइल ठेवा.

आणि सगळ्यात जास्त इमेजी ज्याने बिघडतात ते: आधीच असलेल्या बॅकअपवर पुन्हा बॅकअप घेणं. पहिलं बिल्ड मधेच मेलं, फाइली बदललेल्या अवस्थेत राहिल्या. तुम्ही स्क्रिप्ट पुन्हा चालवली. ती इमानेइतबारे बदललेली फाइल ‘मूळ’ म्हणून जपून ठेवते आणि शेवटी तीच परत बसवते. स्क्रिप्ट म्हणते सगळं ठीक, आणि खरी मूळ फाइल जगातून नाहीशी झालेली असते. म्हणून पहिली तपासणी ही: बॅकअपचं फोल्डर रिकामं नसेल तर नवं काही घेऊ नका, आधी त्यातलं परत ठेवा, फोल्डर मोकळं करा, मगच पुढे. दोन बिल्डं एकाच वेळी एका इमेजवर चालू नयेत म्हणून ‘एफलॉक -एन’ लावा, म्हणजे दुसरं बिल्ड दारातूनच परत जाईल.

नेटवर फिरणारी दुसरी रीत म्हणजे बॅकअप न घेता ‘सेड’ने एलडी.एसओ.प्रीलोडच्या प्रत्येक ओळीपुढे खूण लावायची आणि शेवटी ती खूण काढायची. एकदाच चालली तर ठीक. मधे मरून दुसऱ्यांदा चालली तर ओळीपुढे दोन खुणा लागतात, शेवटी एकच निघते, आणि ओळ बंदच राहते. वर म्हटलं तसं, कोणी तक्रारही करत नाही.

ट्रॅप लावणं

स्क्रिप्टच्या शेवटी परत ठेवण्याच्या ओळी लिहून भागत नाही, कारण ‘सेट -ई’ असताना मधली एखादी आज्ञा पडली की शेवट येतच नाही. त्या ओळी एका फंक्शनमध्ये ठेवा आणि ‘ट्रॅप’ने ते फंक्शन ‘एक्झिट’ला बांधा, म्हणजे स्क्रिप्ट बाहेर पडताना ते चालतं. हे पहिला बदल करण्याआधी करायचं. बदल केल्यावर ट्रॅप लावला तर त्या दोन ओळींच्या मधल्या फटीत बिल्ड मरू शकतं.

पहिल्या ओळीत शेबँगला बॅश लिहा. डेबियनवर नुसतं ‘एसएच’ म्हणजे डॅश हा वेगळा शेल. बॅशमध्ये कंट्रोल-सी किंवा ‘टर्म’ सिग्नलने मेलं तरी एक्झिटचा ट्रॅप चालतो. डॅशमध्ये चालत नाही, तिथे त्या सिग्नलांचे ट्रॅप वेगळे लावावे लागतात. एकच स्क्रिप्ट एका मशीनवर फाइली परत ठेवते आणि दुसऱ्यावर नाही, असं कोडं पडलं तर आधी ही ओळ बघा.

‘टर्म’सारख्या सिग्नलला वेगळा ट्रॅप लावला असेल, तर बॅश चालू आज्ञा संपेपर्यंत तो थांबवून ठेवतो, हेही लक्षात असू द्या. कंट्रोल-सी दाबलं की तो सिग्नल आतल्या एपीटीलाही मिळतो, म्हणून लगेच सुटका होते. पण दुसऱ्या टर्मिनलवरून फक्त स्क्रिप्टला ‘किल’ पाठवलं तर एपीटी निवांत आपलं काम पुरं करतं, मग ट्रॅप. आपोआप बिल्ड करणाऱ्या सर्व्हरवर हे नडतं, कारण तिथे आधी ‘टर्म’ येतो आणि थोड्या वेळाने ‘किल -९’. डॉकर स्टॉप तर मुळात १० सेकंदच थांबतो. तेवढ्यात एपीटी संपलं नाही तर तुमचं फंक्शन चालतच नाही.

‘किल -९’ला कोणताच ट्रॅप लागत नाही. मेमरी संपल्यावर कर्नेल जो मारतो तोही हाच सिग्नल, आणि वीज जाणं त्याच जातीचं. त्यावर उपाय एकच: पुढच्या वेळी स्क्रिप्ट सुरू होताना आधीचा उकिरडा उपसणं. म्हणून वरची तपासणी.

परत ठेवण्याचा क्रम

फंक्शनच्या पहिल्या ओळीत ‘$?’ (शेवटची आज्ञा जमली की फसली ते सांगणारा आकडा) एका व्हेरिएबलमध्ये धरून ठेवा, दुसऱ्या ओळीत ‘सेट +ई’. दुसरी ओळ नसेल तर एखादं अनमाउंट फसलं की फंक्शन तिथेच थांबतं आणि पुढच्या फाइली तशाच राहतात. शेवटी धरून ठेवलेल्या आकड्यानेच ‘एक्झिट’ करा. पडलेलं बिल्ड हिरवं दिसता कामा नये.

मग कामाचा क्रम. सीएचरूटमधून उठलेल्या आणि मागे राहिलेल्या प्रोसेसेस ‘फ्यूझर -व्हीएम’ने शोधून बंद करा, जीपीजी-एजंट नेहमी सापडतो. फाइलींवर केलेले बाइंड काढा. त्यानंतर फाइली परत ठेवा, आणि त्यानंतरच बाकीची माउंट, लावली त्याच्या उलट्या क्रमाने. आधीच सगळं अनमाउंट केलंत तर /एमएनटी/पाय हे होस्टवरचं रिकामं फोल्डर उरतं. परत ठेवायच्या फाइली तिथे जातात किंवा आज्ञा ‘अशी जागा नाही’ म्हणते.

प्रत्येक फाइलीसाठी: आधी त्या जागी जे काही आहे ते ‘आरएम -एफ’ने काढा, मग बॅकअपमधून ‘सीपी -ए’. आधी काढायचं अशासाठी, की मधल्या काळात तिथे सिमलिंक तयार झाली असेल तर ‘सीपी’ तिच्यामधून भलतीकडे लिहील. ‘.नव्हती’ची खूण असेल तर फक्त काढायचं. सगळं नीट बसलं तरच बॅकअपचं फोल्डर मोकळं करा. एकही फाइल अडली तर राहू द्या.

‘टार्गेट इज बिझी’ आलं की ‘यूमाउंट -एल’ मारायचा मोह होतो. तो आवरा. माउंट नजरेआड होतं, पण लिहिणं बाकी असू शकतं, आणि तुम्ही अर्धीच लिहिलेली इमेज दाबून पाठवता. आणि /डेव्ह अजून बांधलेलं असताना /एमएनटी/पाय वर ‘आरएम -आरएफ’ कधीही नको. ते होस्टचं /डेव्ह पुसतं.

मधेच एपीटीने फाइल बदलली तर?

बॅकअप डोळे मिटून परत ठेवण्यात एक खोट आहे. बिल्डमध्ये पॅकेज अपग्रेड झालं आणि त्याने तीच फाइल सुधारून लिहिली, तर तुम्ही नवी फाइल पुसून जुनी बसवता. यासाठी बदल केल्याबरोबर बदललेल्या फाइलीचा एसएचए-२५६ चेकसम (मजकूर बदलला की बदलणारा आकडा) बॅकअपशेजारी लिहून ठेवा. परत ठेवण्याआधी पुन्हा काढा. दोन्ही सारखे असतील तर त्या जागी अजून आपलीच फाइल आहे, बिनधास्त बदला. वेगळे असतील तर थांबा, तिन्ही प्रती शेजारी ठेवा आणि माणसाने बघावं. स्क्रिप्टने इथे हुशारी करू नये.

डीपीकेजीची (पॅकेज प्रत्यक्ष बसवणाऱ्या प्रोग्रॅमची) दुसरी बाजू: तुम्ही बदललेली फाइल पॅकेजची कॉन्फाइल (पॅकेजसोबत आलेली कॉन्फिग फाइल) असेल आणि त्या पॅकेजच्या नव्या आवृत्तीत तीही बदलली असेल, तर अपग्रेडच्या वेळी तो विचारतो, तुमची ठेवू की नवी घेऊ? बिल्ड तिथेच उत्तराची वाट पाहत बसतं. ‘डेबियन_फ्रंटएंड=नॉनइंटरअॅक्टिव्ह’ने हा प्रश्न थांबत नाही, तो पर्याय डेबकॉन्फ या पॅकेजांचे प्रश्न विचारणाऱ्या वेगळ्या यंत्रणेसाठी आहे. ‘--फोर्स-कॉन्फडेफ’ आणि ‘--फोर्स-कॉन्फओल्ड’ एपीटीच्या ‘डीपीकेजी::ऑप्शन्स’मधून द्यावे लागतात. त्यानंतर /ईटीसी मध्ये ‘.डीपीकेजी-डिस्ट’ नावाच्या फाइली शोधा: जिथे ती सापडेल तिथे नवी आवृत्ती आली होती आणि तुमच्या तात्पुरत्या बदलामुळे बाजूला पडली.

राहिलं काय, हे कसं कळणार

बिल्डआधी इमेजच्या /ईटीसी चं ‘टार’ करून ठेवा, काही एमबीच होतं. शेवटी ‘टार -डी’ने तेच टार प्रत्यक्ष फोल्डरशी ताडून पाहता येतं, मजकूर, परवानगी, वेळ, सिमलिंक, यांतलं काय बदललं ते एकेका ओळीत सांगतं. यादी रिकामी येणार नाही, यायलाही नको: पॅकेज टाकली की एलडी.एसओ.कॅश, पासडब्ल्यूडी, ग्रुप बदलतातच. आपण हात लावलेल्या फाइलींची नावं त्यात आहेत का, एवढं पाहायचं. ‘टार -डी’ला नव्याने आलेल्या फाइली दिसत नाहीत, हे त्याचं उणं. पॉलिसी-आरसी.डी तर /ईटीसी मध्येही नाही.

त्यावर स्वस्त उपाय म्हणजे खूण. बिल्डपुरत्या लिहिलेल्या प्रत्येक फाइलीत कॉमेंट म्हणून एक ठरावीक, दुसरीकडे कुठे सापडणार नाही असा शब्द घाला. रिझॉल्व्ह.कॉन्फ, एपीटीची कॉन्फ, शेल स्क्रिप्ट, एलडी.एसओ.प्रीलोड, या चारही ठिकाणी हॅशच्या (#) चिन्हाने कॉमेंट चालते. अनमाउंट करण्याआधी ‘ग्रेप -आर’ने तो शब्द इमेजच्या /ईटीसी आणि /यूएसआर/एसबिन मध्ये शोधा. एकही ओळ सापडली तर स्क्रिप्टने चूक म्हणून बाहेर पडावं.

पॅकेजच्या बाजूने पाहायचं तर सीएचरूटमध्ये ‘डीपीकेजी --व्हेरिफाय’ चालवा. पॅकेजमधल्यापेक्षा वेगळ्या झालेल्या फाइली तो छापतो; कॉन्फाइलच्या ओळीत ‘सी’ हे अक्षर असतं.

मुद्दाम मारून पाहा

खऱ्या कामाला लावण्याआधी स्क्रिप्ट इमेजच्या एका टाकाऊ प्रतीवर चार प्रकारे मारा. मधे ‘फॉल्स’ ही आज्ञा घालून. एपीटी चालू असताना कंट्रोल-सी दाबून. दुसऱ्या टर्मिनलवरून साध्या ‘किल’ने. आणि ‘किल -९’ने. पहिल्या तिन्हींत बॅकअपचं फोल्डर रिकामं आणि एकही माउंट शिल्लक नाही, असं दिसायला हवं. माउंट पाहायला ‘फाइंडएमएनटी -आर’.

‘किल -९’नंतर मात्र पसारा दिसलाच पाहिजे: माउंट लागलेली, पॉलिसी-आरसी.डी जागेवर, बॅकअप भरलेला. दिसला नाही तर तुमची चाचणी बदलापर्यंत पोचलीच नव्हती. आता स्क्रिप्ट पुन्हा चालवा. ती आधी जुना बॅकअप परत ठेवून मगच नवा घेते ना, ते पाहा, आणि ती संपल्यावर ‘एलएस -एल’ने रिझॉल्व्ह.कॉन्फ बघा. ओळीच्या सुरुवातीला ‘एल’ आणि शेवटी बाण असेल तर लिंक वाचली.

मग दुसरं पार्टिशन अनमाउंट केलेल्या अवस्थेत ‘ई२एफएससीके -एफ’ने तपासा, ‘लोसेटअप -डी’ने लूप सोडा, आणि इमेज दाबायला घ्या.